चंद्रवाल्याची बायको

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी भाडं सांगितलं नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. मला अंगणातल्या लिंबाच्या झाडापाशी नेलं, एका पानाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे काय हाय, सांग बरं."

माझा नवरा मागे दोन पिशव्या धरून उभा. रायपूरला येऊन आम्हाला नऊ दिवस झाले होते आणि ते सगळे दिवस आम्ही त्याच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाच्या घरी, सहा जणांच्या गर्दीत काढले होते. त्या दिवसांत पाहिलेली ही चौथी खोली. परीक्षा म्हटली की मला भीतीच वाटते. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती भीतीमुळे नाही, आठवीची शाळा नदीपल्याड होती म्हणून. पण शाळेतून दुसरं काही नाही तरी ही भीती मी घरी घेऊन आले होते, आणि वऱ्हाडातून इथपर्यंत ती माझ्यासोबतच गाडीत बसून आली.

पानावर काळपट-पांढरं, ओलसर असं काहीतरी होतं.

"चिमणीची घाण," मी म्हणाले.

काकांनी मानही हलवली नाही. मी पुन्हा बघितलं. घाण अगदी पानाच्या मधल्या शिरेवर, कुणी नेमकी ठेवावी तशी कशी पडेल? शेजारच्या पानावरही तशीच होती. दोन्ही वेळा चिमणीला मधली शीरच कशी सापडली?

"चिमणीची नसेल. पण काय आहे ते माहीत नाही, काका."

काका माझ्या नवऱ्याकडे वळले. "ऐकलं का? माहीत नाही, मनते! या घरात राहाले इतकं पुरे. आना सामान."

तेवढ्यात ती घाण हलली आणि मी ओरडलेच. ती फुलपाखराची अळी होती. पाखरांनी खाऊ नये म्हणून घाणीचं सोंग घेऊन बसलेली. आमच्या आधीच्या भाडेकऱ्याने त्याच झाडावर औषध फवारलं होतं आणि तिसऱ्या दिवशी त्याचा बिस्तरा अंगणात आला होता, हे काकूंनी मला पुढच्या आठवड्यात भाजी निवडता निवडता सांगितलं. "चांगला माणूस होता वो. बँकेतला. सकाळी उठून माह्या तुळशीले पाणी घाले. पण याइच्या अळ्या मारल्या ना त्यानं!"

त्या दिवसापासून मी लिंबाखालून जाताना पदर सावरून जाऊ लागले.

काकांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इकडे. बूढापाऱ्यात, तलावापासून दोन गल्ल्या आत, त्यांचं घर. खाली ते दोघं, वर गच्ची आणि गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीला लागून आमची खोली. काका जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या मराठीचा एक पाय वऱ्हाडात तर दुसरा छत्तीसगडात. 'हो' म्हणायचं तर 'हव' म्हणत. शंकर नगरला राहणारी मुलगी रविवारी यायची. काका मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. पण मराठीत भांडायला कुणी उरलं नाही, असं त्यांना वाटत असावं, कारण माझ्याशी ते पहिल्याच महिन्यात भांडले. मी लाल साडी नेसून त्यांच्यामागे तलावावर फुलपाखरं बघायला गेले म्हणून.

"लग्नाले चालली का? मळकं नेस काहीतरी!"

ते स्वतः मातकट रंगाचा एकच शर्ट घालत. तसे चार होते, म्हणून कुणाला कळत नसे. चालताना त्यांचं लक्ष आधी स्वतःच्या सावलीकडे. फुलपाखरावर सावली पडली की ते उडालं. म्हणून सूर्य कुठे आहे ते बघून, गोल फेरा घालून, सावली मागे ठेवून ते पुढे सरकत. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे की हा म्हातारा एका झुडपाभोवती प्रदक्षिणा घालतोय. पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, माणसं त्यांना 'तितली कका' म्हणत, आणि नवीन कुणी हसला तर जुने त्याला गप्प करत, "हमर कका हे," म्हणून.

फुलपाखरं फुलांवर असतात ही माझी समजूत त्यांनी पहिल्या आठवड्यातच मोडली. त्यांची आवडती जागा म्हणजे गोठ्यामागची ओल. गाईचं मूत मुरलेल्या त्या चिखलावर पिवळी फुलपाखरं दाटीने बसत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, पंगतीसारखी. काका नाकाला रुमाल न लावता तासतास तिथे उकिडवे बसत. फळवालीकडून सडकी सीताफळं आणत, तीही निवडून. "ये नहीं, ये अभी अच्छा है. वो दो जो फेंकने वाली हो." फळवालीने त्यांना चांगलं फळ विकायचा नादच सोडला होता. एका उन्हाळ्यात त्यांनी मोहाची फुलं मातीच्या मडक्यात कुजवून गच्चीवर ठेवली, काही जातींना तो वास ओढतो म्हणून. फुलपाखरं आली की नाही आठवत नाही. शेजारचे दोन रिकामटेकडे मात्र संध्याकाळी येऊन "कका, थोडकन देबे का?" म्हणून हळूच विचारून गेले. काकूंनी मडकं उचलून नालीत ओतलं. "लोक मले इचारून राहिले, का काकांनी धंदा टाकला का मनून!"

काकांकडे फुलपाखरांचं पुस्तक नव्हतं असं नाही. बाहेरगावी असलेल्या मुलाने कधीतरी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं, रंगीत चित्रांचं. ते काकूंच्या साड्यांच्या पेटीत, फडक्यात बांधून, तळाशी. काकांनी ते उघडलं नव्हतं.

"तीस वर्षं मी दुसऱ्यानं काढलेले नकाशे नकलले," ते म्हणत. "जमीन एकदाही पाहिली नाही. साहेब मने, इथं नाला हाय, का मी नाला काढे. एकदा मोक्यावर गेलो तं नाला नाही, शाळा! तवाच ठरवलं. आता जे पाहीन ते आपल्या डोळ्यानं पाहीन."

म्हणून नावंही त्यांचीच. लिंबावर अंडी घालणारी ती लिंबूबाई. चिखलावरची पिवळी पंगतवाली. रुईच्या झाडावर अंडी घालणारी, केशरी पंखांची, काळ्या काठाची, ती रुईवाली. तिचा त्यांना आदर होता. "कशी चालते पाह्य. कोणाले भेत नाही. रुईचा कडू चीक तिच्या अंगात मुरला हाय. पाखरू एकदा चोच मारन, दुसऱ्यांदा तिचं नाव नाही घेनार." खरंच, बाकीची फुलपाखरं घाईत असत, ही मात्र दुपारच्या उन्हात सावकाश, ऐटीत जायची. मला तिचा हेवा वाटे.

त्यांच्या रजिस्टरात चार रकाने होते. काय दिसलं, कशावर बसलं, काय करत होतं आणि शेवटचा खात्रीचा. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द चालत: 'हव', 'असन' आणि 'माहीत नाही'. नीट दिसलं, सगळं जुळलं, तर हव. बहुतेक तेच असेल, पण पंख मिटलेले होते किंवा मध्येच उडून गेलं, तर असन. आणि बाकी माहीत नाही. एका अख्ख्या पानावर 'माहीत नाही' एकाखाली एक, सुंदर अक्षरात लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बघतच राहिले. आमच्या शाळेत माहीत नाही म्हटलं की छडी बसायची. इथे एक माणूस ते शाईने लिहून जपून ठेवत होता.

माझ्याकडे हे रजिस्टर आलं ते त्यांच्या आजारपणानंतर. हात कापायला लागला होता, जिना चढणं बंद झालं होतं. ते बोलायचे आणि मी लिहायचे. पहिल्या दिवशी ऱ्हस्व की दीर्घ, पोटफोड्या ष की शहामृगातला श, मी विचारत राहिले.

"लिही वो," काका वैतागले. "पाखराले शुद्धलेखन कळत नाही."

आणि मी गॅसची कळ बंद केली का म्हणून तीनदा वर जाऊन यायची, दाराची कडी दोनदा ओढून बघायची, कारखान्याचा भोंगा उशिरा झाला तर जिन्यात येऊन उभी राहायची, हे सगळं त्यांना दिसत असणार. एकदा म्हणाले, "भेव वाटलं का खाली बसत जाय. उभ्या माणसाजवळ काहीच येत नाही." मी बसून बघितलं. खरं सांगते, फायदा होतो.

त्या रजिस्टराच्या प्रत्येक वर्षाच्या शेवटच्या पानावर एकच ओळ होती. 'चंद्रवाल्याची बायको दिसली नाही.'

चंद्रवाला म्हणजे काळ्या मखमली पंखांचा एक गडी. पंखांवर मिळून सहा पांढरे गोल, आणि प्रत्येक गोलाभोवती निळसर जांभळी झाक. बाजूने बघितलं की ती झाक पेटते, समोरून बघितलं की विझते. तलावाच्या वाटेवर एक दगड धरून तो बसायचा आणि जो येईल त्याला हुसकावून लावायचा. दुसरं फुलपाखरू, भुंगा, एकदा तर काकांची टोपीसुद्धा. पण जो दिसे तो नरच. अकरा वर्षं काका त्याच्या मादीला शोधत होते. काळी असेल, गोल लहान असतील, असा त्यांचा अंदाज. त्यांनी नाल्याकाठी पाहिलं, शेतांच्या कडेला पाहिलं, जुनी लूना ढकलत शहराबाहेर जाऊन पाहिलं.

काकू म्हणत, "सापडली तर सांगा. हळदीकुंकवाले बोलावीन."

"तिले घर सोडून येता आलं पाह्यजे ना," काका म्हणत. "हा तिले बाहेर निंघू देत नसन."

आता माझ्या बादलीबद्दल सांगायला हवं. घरून निघताना आईने ओल्या फडक्यात बांधून घोळीच्या चार काड्या दिल्या होत्या. घोळीची भाजी इथे मिळत नाही असं नाही, बाजारात नोनिया म्हणून ढिगाने येते. पण आईने दिलेली ती आईने दिलेली. फुटक्या बादलीत माती घालून मी ती टाकीखालच्या फळीजवळ लावली आणि ती बादलीभर पसरली. जीव उदास झाला की मूठभर खुडून डाळीत घालायची. त्या दिवशी आमच्या घरात आमच्या गावचा वास येई.

पावसाळा सरता सरता, एका दुपारी घोळ खुडायला गेले तर रुईवाली तिच्यावर उतरलेली. पोट वाकवून पानाच्या खाली टेकवत होती. एकदा, दोनदा. मी जागीच खाली बसले. सावली मागे. मनात म्हटलं, चुकली बिचारी. रुई सोडून घोळीवर अंडी घालतेय. हिची पोरं काय खातील?

मग सवयीने ठिपके मोजले. काका रुईवालीचं वर्णन सांगताना दर वेळी नाही, पण नीट दिसली तर म्हणत, "मागच्या पंखावर, मधात, तीन ठिपके. लिही." हिच्या मागच्या पंखावर मध्ये काहीच नव्हतं. फक्त वरच्या काठाला एक काळा डाग होता.

मी घोळ न खुडता खोलीत आले आणि साधी डाळ केली.

काही दिवसांनी बादलीत अळ्या दिसल्या. काळ्या, अंगभर काटे, डोकं नारिंगी. रुईवालीची अळी मी रुईवर पाहिली होती. ती गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांची, अंगावर मऊ शिंगांच्या तीन जोड्या. दोन्ही एका आईच्या असूच शकत नव्हत्या. म्हणजे घोळीवर आलेली ती रुईवाली नव्हती. रुईवालीचे कपडे घालून आलेली दुसरीच कुणीतरी होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजच्या एक मॅडम काकांकडे येऊन गेल्या होत्या. शहरात कुठली फुलपाखरं दिसतात याची यादी छापायची होती आणि काकांच्या अकरा वर्षांच्या नोंदी त्यात घ्यायच्या होत्या, काकांच्या नावानिशी. मॅडम गेल्यावर काका बराच वेळ अंगणात येरझारा घालत राहिले. मग मला हाक मारली. "सगळं नवीन कागदावर उतरवाचं हाय. चांगल्या अक्षरात. दसरा झाला का नेतो मनल्या."

तीन आठवडे मी रोज दुपारी खाली बसून नक्कल करत होते. 'रुईवाली. तलावाची भिंत. ऊन खात. हव.' 'रुईवाली. गल्ली. उडताना. हव.' शेकडो वेळा हव. ठिपक्यांचा उल्लेख असलेल्या नोंदी थोड्याच. आणि वर टाकीखाली काटेरी अळ्या घोळ कुरतडत होत्या. माझी बादली संपत आली तेव्हा मी बाजारातून नोनिया आणून त्यांना घातली. नवऱ्याने विचारलं, "भाजी आनली अन् रांधली काहून नाही?" मी त्याला सांगितलं. तो जेवायचा थांबला.

"त्याइले सांगतलं का?"

"नाही."

"नको सांगू. बँकवाल्याचं ध्यानात हाय ना? इतकी चांगली खोली भेटनार नाही आपल्याले."

तो भित्रा नाही, माझ्यापेक्षा तर खूपच कमी. पण त्यालाही ते नऊ दिवस आठवत होते. आणि मी कोण सांगणारी? सातवी शिकलेली. काकांनी अकरा वर्षं डोळे झिजवलेले. मी एकदा बादलीत डोकावले. सांगितलं तर खोली जाईल असं वाटायचं. नाही सांगितलं तर काकांच्या नावाखाली खोटं छापून येईल, तेही माझ्या अक्षरात. खाली बसून बघितलं, तरी काही उपयोग झाला नाही.

मॅडम यायच्या त्या दिवशी सकाळी मी टाकीखाली गेले. फळीला उलटे लटकलेले कोष रोज पाहत होते, त्यातले दोन फुटले होते. रिकाम्या टरफलांना धरून दोन फुलपाखरं पंख वाळवत होती. एक केशरी, काळ्या काठाचं, मागच्या पंखावर काठाला एकच डाग. हातभर अंतरावर दुसरं. काळं मखमली. सहा चंद्र.

खाली काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. त्यांना पांढऱ्या शर्टात मी पहिल्यांदाच पाहत होते. पंख वाळायला फार तर तासभर लागतो, हे त्यांनीच शिकवलेलं. एकदा उडाले की माझ्याकडे दाखवायला दोन टरफलं उरणार.

मी जिना उतरले. "काका, वर चला."

"मले चढाले मना केलं हाय ना डॉक्टरनं."

"माहीत आहे. तरी चला."

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काका उठले. एक हात कठड्याला, एक माझ्या खांद्यावर. दर तीन पायऱ्यांना थांबत आम्ही वर आलो. टाकीपाशी पोचताना त्यांनी सूर्य बघितला आणि इतक्या धापेतही फेरा घालून पलीकडून आले. सावली मागे. मग शर्टाची पर्वा न करता ते जमिनीवर बसले.

त्यांनी मला जवळ बसवलं.

"ठिपके मोज. माह्या डोळ्याले भरोसा नाही."

"एक. वरच्या काठाले."

"मधात?"

"नाही."

"दोन्ही एकाच बादलीतून?"

"हव," मी म्हणाले.

रजिस्टरात मी हा शब्द अगणित वेळा लिहिला होता, पण त्यांच्या सांगण्यावरून. स्वतः बघितलेल्या गोष्टीला मी नेहमी असनच म्हणायचे. काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"कवापासून ठाव हाय तुले?"

"ही रुईवाली नाही ते तीन आठवड्यांपासून."

"अन् बोलली काहून नाही?"

"भेव वाटलं."

"कायचं?"

"खोली जाईल म्हणून."

ते पुन्हा फुलपाखरांकडे बघू लागले. "लिंबाखाली उभी करून तुले इचारलं होतं, तवा भेव नोतं वाटलं?"

"वाटलं होतं."

"तरी सांगतलं होतं ना."

एवढंच. त्यात राग होता की नाही हे मला आजही माहीत नाही. आधी केशरी उडाली. रुईवालीच्याच सावकाश चालीने, कुणाला न भिता, निदान न भिता असं दाखवत, गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे गेली. कडू चीक हिच्या अंगात नव्हता. नुसते कपडे होते, आणि त्या कपड्यांवर ती अख्ख्या बूढापाऱ्यातल्या पाखरांसमोरून जात होती. चंद्रवाला थोडा वेळ थांबला, मग तोही गेला.

"अकरा वर्षं," काका म्हणाले, "माह्या नाकासमोरून जाऊन राहिली. मी नमस्कार करत होतो, का रुईवाली आली मनून."

मॅडम आल्या तेव्हा काकांच्या पांढऱ्या शर्टाला पाठीमागे मातीचा पट्टा होता.

"मॅडम, लिस्ट आज नहीं मिलेगी. एक नाम गड़बड़ है. ग्यारह साल का."

काकांनी सगळं सांगितलं. मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या, हसून म्हणाल्या, "अरे अंकल, ये तो हर किताब में है. नर काला, मादा बिल्कुल दूसरे की नक़ल. इसमें परेशान क्या होना? मैं ठीक कर लेती हूँ."

म्हणजे ज्याच्यासाठी या माणसाने अकरा वर्षं लूना ढकलली, ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं!

काका शांत होते. "किताब में है, अच्छी बात है. मेरे रजिस्टर में नहीं था. ठीक मैं ही करूँगा."

तेवढ्यात काकू आतून आल्या. त्यांच्या हातात फडकं सोडलेलं ते जाड पुस्तक, उघडलेलं. त्यांनी ते काकांच्या मांडीवर ठेवलं. डाव्या पानावर सहा चंद्र, उजव्या पानावर केशरी.

"हे पाहा. इतकी वर्षं माह्या शालूखाली होती तुमच्या चंद्रवाल्याची बायको. मले इचारलं असतं तं काढून देली असती!"

काका आधी चित्राकडे बघत राहिले, मग हसायला लागले, आणि इतके हसले की खोकला आला, काकूंना पाठ चोळावी लागली. मॅडमही हसल्या. "पुस्तकवाल्यांले पुस्तकात भेटली," काका धापा टाकत म्हणाले, "आमाले बादलीत भेटली. आमचीच ताजी हाय."

त्यानंतर आम्ही अकरा वर्षं पुन्हा वाचून काढली. जिथे तीन ठिपके लिहिलेले होते, किंवा रुईवर अंडी घालताना पाहिलं होतं, तिथे 'हव' राहू दिलं. बाकी सगळीकडे ते खोडून 'असन'. मी खोडरबर घेतलं तर काकांनी हातातून काढून घेतलं. "एक रेघ मार फक्त. खालचं दिसलं पाह्यजे. नकाशा पाहणाऱ्याले कळलं पाह्यजे का पहिले रस्ता कुठून समजलो होतो." दिवसेंदिवस मी रेघा मारत होते आणि ते शेजारी बसून, न चिडता, स्वतःच्या चुका मोठ्याने वाचत होते. शेवटच्या पानांवर आलो. 'चंद्रवाल्याची बायको दिसली नाही.' या अकरा ओळींवरही एकेक रेघ मारायला सांगितली. "दिसली होती. वळखली नव्हती."

सगळं झाल्यावर त्यांनी पट्टी मागितली. कापऱ्या हाताने, पट्टी गुडघ्याने दाबून धरत, त्यांनी रजिस्टरात पाचवा रकाना आखला. तीस वर्षं रेघा ओढलेल्या माणसाची ती रेघ वाकडी आली. वर लिहिलं, 'पाहणारा'. इतकी वर्षं त्या रकान्याची गरजच पडली नव्हती.

"लिही," म्हणाले.

"काय लिहू?"

"तुहं नाव वो. आनखी काय?"

मी लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ न विचारता.

छापील यादीत काकांच्या नावाखाली, बारीक अक्षरात, माझंही नाव आलं. नवऱ्याने तिची झेरॉक्स काढून गावी पाठवली. आईला वाचता येत नाही, भावाने वाचून दाखवली तर तिने एकच विचारलं, "घोळ आपलीच ना?"

बादलीचं पुढे काय करायचं हा प्रश्न काकांनी मोजणी कचेरीच्या पद्धतीने सोडवला. माझ्याकडून बादलीच्या मधोमध सुतळी ताणून बांधून घेतली. "इकडची तुमची, खुडून खा. तिकडची तिची. हद्द कायम." पहिल्याच आठवड्यात तिने आमच्या बाजूला अंडी घातली. मी खाली येऊन तक्रार केली. काकांनी विचार केला. "तिले मोजणीचा नकाशा दाखवला नसन कोणी," म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी, थंडीत, काका झोपेतच गेले. तेराव्यानंतर मुलगा काकूंना सोबत न्यायला आला होता. काकू म्हणाल्या, आत्ता नाही. मग जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून त्यांनी मला हाक मारली. मी म्हटलं, आता खोलीचं निघणार.

"वर राहून राहिली ना तू?" त्यांनी विचारलं. "मंग मी जाऊन काय करू? मले कोन समजावून सांगन कोनतं पाखरू कोनाची बायको होय ते?"

रजिस्टर आता माझ्याकडे आहे. गॅसची कळ मी अजूनही बघते, पण एकदाच. सुतळी कुजली की दसऱ्याच्या सुमाराला नवी बांधते. गेल्या आठवड्यात दुपारी ती आली. काठाला एक डाग, मध्ये काही नाही. तिच्या बाजूला भरपूर घोळ असताना सुतळीच्या अलीकडे, आमच्याच घोळीवर बसली. मी खाली बसले, सावली मागे घेतली, आणि ती गेल्यावर लिहिलं. चंद्रवाल्याची बायको. घोळीवर. अंडं घालताना. हव.

संध्याकाळी साधी डाळ केली.